फियाट स्टार्ट घेत नाही तेव्हा करंट कुठं हरवला ते कसं शोधायचं

सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतंय, पण स्टार्ट काही घेत नाही. गल्लीतले दोघं-तिघं येऊन धक्का मारतात, तरी नाही. मग एकजण म्हणतो, "ताई, कॉइल गेली." दुसरा म्हणतो कंडेन्सर. तिसरा म्हणतो प्लग बदला, काम फत्ते. काही वर्षांपूर्वी मी तिघांचंही ऐकलं. तिन्ही वस्तू आणल्या, एकाच दुपारी बसवल्या आणि गाडी जागची हलली नाही. आता तर आधीचा दोष कुठला आणि नव्याने घातलेला कुठला, हेच कळेना.

माझी गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन. आमच्या घरात तिला आजही सगळे फियाटच म्हणतात. आबांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती, तेव्हा त्यांनी ती घेतली. आबा गेल्यावर गाडी विकायचा विषय निघाला, पण माझ्या मनानं घेतलं नाही. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांकडे रविवारी जाऊन बसायला लागले. त्यांनी मला पहिल्या दिवशी पाना हातात दिला नाही, एक बल्ब दिला. "करंट बॅटरीतनं निघतो आणि प्लगपर्यंत जातो. मधे कुठं थांबला ते बघायचं. जिथं थांबला तिथंच हात घालायचा, दुसरीकडं नाही." पुढे लिहिलंय ते सगळं या एका सांगण्यातून आलेलं आहे. पॉइंट-कॉइलच्या कुठल्याही जुन्या गाडीला ते लागू पडतं, मग फियाट असो, अँबेसेडर असो की जुनी जीप.

आधी करंटचा रस्ता समजून घ्या, नाहीतर पुढची तपासणी नुसतं पाठांतर होईल. बॅटरीच्या १२ व्होल्टनं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. तिच्यात तारेची दोन गुंडाळणं असतात, एक जाड तारेचं मोजक्या वेढ्यांचं आणि एक केसासारख्या तारेचं हजारो वेढ्यांचं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची छोटी जोडी, मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट जाड तारेतून पॉइंटवाटे अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जातो आणि कॉइलमध्ये चुंबकत्व तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या कॅमनं पॉइंट उघडले की तो करंट तुटतो, चुंबकत्व एका क्षणात कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उठतात. ते मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतात आणि टोपीखाली फिरणारा रोटर ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे ते पाठवतो. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना, मिटताना नाही. त्या वेळी पॉइंटमध्येच ठिणग्या उडू नयेत म्हणून त्यांना कंडेन्सरची छोटी डबी जोडलेली असते. (आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. मीही पुढं डेल्कोच लिहिते.)

म्हणजे रस्ते दोन झाले. बॅटरी, किल्ली, कॉइल, पॉइंट हा लहान करंटचा, म्हणजे १२ व्होल्टचा रस्ता. कॉइल, टोपी, रोटर, प्लग हा मोठ्या करंटचा, म्हणजे हजारो व्होल्टचा. दोष कुठल्या रस्त्यावर आहे हे पाच मिनिटांत कळतं.

त्याआधी जिवाची काळजी घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पदर, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी फॅनच्या आसपास नको. मोठ्या करंटचा झटका खाऊन माणूस दचकतो आणि हात नेमका फॅनमध्ये जातो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेट उघडून थांबा, वास गेल्याशिवाय ठिणगीची कुठलीही परीक्षा करू नका. आणि किल्ली ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून खराब होते.

आता सुरुवात बॅटरीपासून. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे थोडे मंद होतील, ते चालतं. पार विझायला आले तर डेल्को उघडायच्या आधी टर्मिनल काढून घासा, इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी आवळा आणि बॅटरी चार्ज करून घ्या. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फच सगळं खाऊन टाकतो आणि कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही. अशा वेळी गाडी धक्क्यावर स्टार्ट होते आणि लोक म्हणतात सेल्फ गेला. सेल्फ ठणठणीत असतो, बॅटरी म्हातारी झालेली असते.

मग एक प्लग काढा. दहा सेकंद सेल्फ मारल्यावरही टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. पंप, पाइप, फिल्टर बघा, तो वेगळा विषय आहे. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. चोक ओढून ओढून सेल्फ मारला असेल तर चारही प्लग भिजलेले असतात, ते कोरड्या फडक्यानं पुसून थोडा वेळ उन्हात ठेवा. बसवताना फट ०.६ मिमीच्या आसपास असू द्या.

आता कॉइलची परीक्षा. टोपीच्या मध्यभागी बसलेली जाड वायर टोपीकडून उपसा. तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आहे, पण हातात धरायचं नाही. मी कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा वापरते. चिमट्यात वायर धरून चिमटा जवळच्या नळीला अडकवायचा. प्लगची भोकं उघडी ठेवू नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. वायर लोखंडापासून फार लांबही ठेवू नका. ठिणगीला उडी मारता आली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. टक्-टक् आवाज करत निळी, जाडसर ठिणगी उडाली तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर तिघंही काम करतायत, दोष टोपीच्या पुढं आहे. पिवळी, मरगळलेली ठिणगी आली तर पॉइंट किंवा कंडेन्सरवर संशय घ्या. काहीच नाही आलं तर तो बल्ब काढा.

बल्ब म्हणजे पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा. त्याला दोन वायरी जोडून एकीला चिमटा, दुसरीला टोकदार खिळा. महागडं मीटर असलं तरी मी बल्बच आधी लावते, कारण तुटत आलेली वायर एका धाग्यावर टिकलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं. बल्ब पेटला तर खरोखर करंट वाहतोय याची खात्री असते.

चिमटा इंजिनाला लावा, किल्ली ऑन करा आणि खिळा कॉइलच्या अधिक टर्मिनलला टेकवा. जुन्या कॉइलींवर तिथं एसडब्ल्यू लिहिलेलं असतं. बल्ब पेटला नाही तर किल्लीचा स्विच किंवा मधली वायर. पेटला तर तसाच धरून सेल्फ मारा. काही झिजलेल्या स्विचमध्ये किल्ली पुढं फिरवली की नेमका हाच करंट तुटतो आणि सोडली की परत येतो. पडताळा घ्यायचा असेल तर बॅटरीच्या अधिक टोकापासून कॉइलच्या अधिकवर थेट वायर टाका. गाडी स्टार्ट झाली तर दोष स्विचचा ठरला. ही वायर घरी पोचेपर्यंतच. किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल.

अधिकवर करंट आहे म्हटल्यावर खिळा दुसऱ्या टर्मिनलवर, उणे किंवा सीबी लिहिलेल्यावर. आता सेल्फ मारताना बल्बकडे बघत राहायचं. बल्ब मिचकावला पाहिजे: पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. मिचकावतोय म्हणजे लहान करंटचा रस्ता चालू आहे. मिचकावतोय आणि तरीही मधल्या वायरीवर ठिणगी नाही, तर कॉइल, कंडेन्सर किंवा ती जाड वायर, एवढ्या तिघांतच बघा. बल्ब सारखा पेटलेलाच राहिला तर पॉइंटवाटे करंट अर्थला जातच नाही. पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर मळ आहे, किंवा डेल्कोच्या आतली बारीक वायर तुटली आहे. बल्ब कधीच पेटला नाही तर कॉइलच्या उणेवरून डेल्कोकडे जाणारी बारीक वायर सोडा आणि कॉइलच्या त्याच टर्मिनलवर पुन्हा खिळा टेकवा. आता पेटला तर कॉइल बरी आहे, डेल्कोच्या आत काहीतरी बॉडीला टेकतंय. आताही नाही पेटला तर कॉइलची आतली तार तुटली, कॉइल बदला. माझ्या अनुभवात कॉइल बदलायची वेळ फार क्वचित येते. दुकानात मात्र तीच सगळ्यात आधी खपते.

डेल्कोच्या आत काय टेकतं? माझ्या बाबतीत एक फायबरचा वॉशर होता, शर्टच्या गुंडीपेक्षा लहान. पॉइंटची स्प्रिंग ज्या खिळीवर बसते तिथं कंडेन्सरची आणि कॉइलची वायर येते. ती सगळी जोडणी त्या फायबरनं बॉडीपासून तोडलेली असते. पहिल्यांदा स्वतः पॉइंट बदलले तेव्हा मी वॉशर खाली घालायचा तो वर घातला. अख्खा रविवार गेला. संध्याकाळी मिस्त्रीमामांनी बल्ब लावला, वायर सोडली, परत लावली, काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि तो वॉशर चिमट्यानं उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तेव्हापासून काहीही सोडायच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढते.

पॉइंटवर जरा वेळ घालवा, कारण निम्म्याहून जास्त वेळा मला दोष इथंच सापडला आहे. टोपीच्या दोन क्लिपा सोडा, रोटर उपसा. भिंग असेल तर पॉइंटचे दोन्ही तोंडवळे बघा. चांगले पॉइंट करड्या रंगाचे, सपाट दिसतात. जुन्यांमध्ये एकावर बारीकसा डोंगर उठलेला असतो आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. फिलर गेजची (फट मोजायची) पाती घातली तर ती डोंगरावर टेकते आणि फट खोटी दिसते, म्हणून अशा पॉइंटची फट मोजण्यात अर्थ नाही. तात्पुरतं बारीक कानशीनं डोंगर उतरवता येतो. पॉलिश पेपर वापरलात तर त्याचे कण आत अडकतात, म्हणून नंतर पेट्रोलात बुडवलेली कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढा. पट्टी काळी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत ओढा.

नव्या पॉइंटलाही हेच करा. गंज चढू नये म्हणून कारखान्यातूनच त्यांच्यावर तेलकट थर दिलेला असतो आणि तो पुसला नाही तर बल्ब मिचकावतच नाही. एवढ्या कारणासाठी नवीन पॉइंट खराब म्हणून दुकानात परत करणारे लोक मी पाहिलेत.

फट बघताना पॉइंटची टाच कॅमच्या सगळ्यात उंच कोपऱ्यावर आली पाहिजे. सगळे प्लग काढून गाडी टॉप गिअरला टाकून हळूच पुढं-मागं ढकलली की इंजिन बोटभर बोटभर फिरवता येतं. माझ्या गाडीला मी ०.४ मिमी ठेवते. जुन्या गाड्यांमध्ये हा आकडा साधारण ०.३५ ते ०.५ च्या मधे असतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. पाती किंचित घासत सरकली पाहिजे, अडकता कामा नये. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हलतेच. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, त्याहून जास्त नको. उडालेलं ग्रीस पॉइंटवर जातं.

आता डेल्कोचा मधला शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवा. खडखड हलला तर आतला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजलाय. मग फट कितीही नीट लावा, इंजिन फिरायला लागलं की शाफ्ट डुलतो आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी फट मिळते. यासाठी नवा डेल्को शोधत बसायची गरज नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडे डेल्को घेऊन जा, तो शाफ्ट मोजून गनमेटलचा बुश उतरवून देतो. ऑइल इंजिन आणि फाउंड्रीच्या कामावर वाढलेलं हे गाव आहे. इथं सुटा भाग मिळाला नाही तरी तो बनवणारा हात मिळतो, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

कंडेन्सर गेला की पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणग्या उडतात, अंधारात निळसर झगमग दिसते. तोंडवळे लवकर जळतात आणि प्लगवर ठिणगी मलूल येते. तपासायला जुना कंडेन्सर सोडून त्याच्या जागी चालू असलेला दुसरा बाहेरूनच लावा: वायर कॉइलच्या उणेला, डबी इंजिनाच्या लोखंडाला. ठिणगी सुधारली तर निकाल लागला. पण नवा म्हणून विश्वास टाकू नका. हल्ली मिळणारे काही कंडेन्सर आठवडाभरही टिकत नाहीत. चालू असलेला जुना मी कधीच टाकत नाही.

आता पुढचा रस्ता, टोपी आणि रोटर. आमच्याकडं जुलैत गाडी स्टार्ट न घेण्याचं पहिलं कारण हेच. रंकाळ्याच्या बाजूला आमचं घर, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते तशी टोपीच्या आत दव धरते. गगनबावड्याकडे गेलेल्यांनी तर हे हमखास अनुभवलंय. एकदा सर्व्हिसिंगच्या ठिकाणी इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि गाडी तिथून बाहेरच निघाली नाही. टोपी काढा, आतून सुक्या सुती फडक्यानं पुसा, केस वाळवायचं मशीन असेल तर दोन मिनिटं गरम हवा द्या. मग उजेडात धरून आत बघा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ एका टर्मिनलपासून दुसऱ्याकडं गेलेली दिसली तर ती करंटनं जाळलेली वाट आहे. पुसून जात नाही, टोपी बदलावीच लागते. मध्यभागी कार्बनचा छोटा खडू स्प्रिंगवर असतो, तो बोटानं दाबून बघा. झिजून आत गेला असेल किंवा पडून हरवला असेल तर रोटरपर्यंत करंट पोचत नाही.

रोटर फुटलाय का हे नुसतं बघून कळत नाही. तो जागेवर बसवून, कॉइलची जाड वायर चिमट्यानं त्याच्या मधल्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी उडाली तर रोटरच्या पोटातून शाफ्टला करंट गळतोय. उडाली नाही तर रोटर चांगला.

प्लगवर ठिणगी येतेय, पेट्रोल येतंय, तरी स्टार्ट नाही आणि कार्ब्युरेटरमधून फाट फाट आवाज येतोय, तर कुणीतरी वायरी उलटसुलट लावल्यात. फियाटचा फायरिंगचा क्रम १-३-४-२, रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते टोपी काढून, सेल्फ टिचकीभर मारून बघा आणि त्याच दिशेनं क्रम लावत जा. डेल्को काढून परत बसवला असेल तर तो अर्धा फेरा उलटा बसला नाही ना, हेही बघा. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. हवा अंगठ्याला ढकलायला लागली आणि टायमिंगची खूण जुळली की रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडं पाहिजे. नेमकं टायमिंग त्याच बल्बनं लागतं: खिळा कॉइलच्या उणेवर, किल्ली ऑन, डेल्कोचा बोल्ट सैल. डेल्को रोटरच्या दिशेला थोडा फिरवला की पॉइंट मिटतात, बल्ब विझतो. मग उलट्या दिशेला हळूहळू आणा, आणि बल्ब पेटेल त्या जागी आवळा.

एक दोष असा आहे की तो घरी सापडतच नाही. पन्हाळ्याला जाताना वाघबीळला माझी गाडी बंद पडली. अर्ध्या तासानं आपोआप स्टार्ट झाली आणि वर जाऊन पुन्हा बंद. थंड असताना सगळ्या परीक्षा पास. अशा वेळी गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच चिमट्याची परीक्षा करायची. ठिणगी नसेल तर आधी कंडेन्सर बाहेरून लावून बघा, मग कॉइलच्या डबीवर ओलं फडकं गुंडाळा, टर्मिनलला पाणी लागू न देता. फडक्यानं गाडी स्टार्ट झाली तर कॉइल गरम झाल्यावर आतून तुटते. माझी तशीच निघाली. ती एक कॉइल मात्र मी खरंच बदलली.

मिस्त्रीमामा आता गॅरेजला येत नाहीत, डोळ्यांना नीट दिसत नाही. मागच्या दसऱ्याला मी त्यांना गाडीत बसवून दसरा चौकात नेलं, कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते ती बघायला. घरातून निघताना मी सेल्फ मारला, पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं. त्यांनी मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पॉइंट नवीन घातलेस का? फट जरा कमी झाल्यागत वाटतीया." खरंच घातले होते, दोन आठवड्यांपूर्वी. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते आणि फट मिटत जाते. म्हणून नवे पॉइंट घातले की साधारण पाचशे किलोमीटरनंतर टोपी उघडून फट पुन्हा एकदा मोजा. मी तशी मोजली, ०.४ ची पाती आत जाईना.